अर्ध्यावर सोडलेलं पुस्तक आणि पूर्ण दिलेली शिफारस



आज वाचनात दासबोधाचा सातवा दशक, नववा समास होता. श्रवणनिरूपण. ऐकायचं काय, वाचायचं काय, ग्रंथ म्हणायचं कशाला, हे समर्थ इथे सांगतात. त्यांची कसोटी साधी आहे. ऐकल्यावर अनुताप होतो का? साधनेची गोडी लागते का? गर्व गळतो का? अवगुण बदलायला लागतात का? होत असेल तर तो ग्रंथ. ग्रंथाची परीक्षा ग्रंथात नाही, वाचणाऱ्यात आहे.

वाचता वाचता मला आमच्या ऑफिसमधला एक मुलगा आठवला, आणि पुढचं वाचवेना. म्हणून आज तेच लिहिते.

माझी एक सवय आहे. महिना संपला की 'या महिन्यात वाचलेली पुस्तकं' असा फोटो स्टेटसला टाकायचा. चार-पाच पुस्तकांची चळत, बाजूला चहाचा कप, खाली प्रत्येक पुस्तकाबद्दल दोन ओळी. लोक विचारतात, "ताई, काय वाचू?" आणि खरं सांगू? ते विचारणं मला फार आवडतं.

मागच्या वर्षी त्या चळतीत विनोबांची 'गीता प्रवचने' होती. मी लिहिलं होतं, "प्रत्येकाने वाचायलाच हवं असं पुस्तक." त्याच सुमारास या मुलाचे बाबा गेले. दोन आठवडे आयसीयूत होते. तो परत कामावर आला तेव्हा काय बोलावं सुचेना, म्हणून मी त्याला तेच पुस्तक आणून दिलं. म्हटलं, "वाच. खूप आधार मिळेल."

पंधरा दिवसांनी कँटीनमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला. "ताई, आठवा अध्याय वाचला. शेवटच्या क्षणी मनात जे असतं तशी पुढची गती, असं आहे ना? बाबा तर व्हेंटिलेटरवर होते. शुद्धच नव्हती. त्यांच्या मनात काय असेल? नाव तरी कसं घेतलं असेल त्यांनी?"

मी पाचव्या अध्यायावर थांबले होते.

म्हणजे पुस्तक उत्तमच होतं, वाचायचं होतंच, पण मध्ये दुसरं काहीतरी आलं आणि खूणपट्टी तिथेच राहिली. तेव्हा हे सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "पुढे वाच, कळेल." तो "हं" म्हणाला आणि उठला.

त्या रात्री आठवा अध्याय उघडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक, अशी ही अठरा प्रवचनं झाली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. ऐकणारे कैदी होते. आठव्यात विनोबा मरणाबद्दल बोलतात, पण घाबरवत नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा मला समजलेला अर्थ असा : दिवसभर आपण असंख्य गोष्टी करतो, त्या विसरून जातो, पण त्यांचा संस्कार मनावर उरतो. जो संस्कार रोजच्या रोज घट्ट होत जातो तोच शेवटी सोबत असतो. शेवटचा क्षण म्हणजे आयत्या वेळी द्यायची तोंडी परीक्षा नव्हे. सगळ्या आयुष्याची ती बेरीज आहे. म्हणून सातत्य.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. आधी कबूल केलं, की काल मला उत्तर येत नव्हतं, कारण मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. मग रात्री वाचलेलं सांगितलं. त्याच्या बाबांबद्दल विचारलं. ते रोज सकाळी स्वतःच्या आधी शेजारच्या आजोबांचं दूध आणून द्यायचे म्हणे, वीस वर्षं. मी म्हटलं, "मग ते दोन आठवडे बघू नकोस. ती वीस वर्षं बघ. बेशुद्धीत काय होतं हे मी सांगू शकत नाही, पण हे मला पटलंय."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काल सांगितलं असतंस तर बरं झालं असतं गं. मला वाटलं, उत्तर इतकं वाईट आहे की तू मुद्दाम सांगत नाहीयेस."

एक रात्र. माझ्या एका खोट्या वाक्यामुळे एक मुलगा आपल्या वडिलांना दुर्गती मिळाली असं समजून रात्रभर तळमळला. पुस्तकाचा यात काडीचा दोष नाही. जो ग्रंथ गर्व गळावा म्हणून वाचायचा, तो मी गर्व वाढवायला वापरला होता.

दासबोधाच्या अगदी पहिल्याच समासात समर्थांनी बजावलंय, की संपूर्ण ग्रंथ न पाहता त्याला नावं ठेवू नका. आपण हे सहज मान्य करतो. पण न वाचता केलेली स्तुती? ती आपल्याला दोष वाटतच नाही. उलट वाटतं, चांगल्याच गोष्टीचा प्रचार केला की! पण दोन्हीकडे खोट एकच आहे : जे माझ्या अनुभवाला आलं नाही त्याची मी साक्ष देते आहे.

मग काय, जे पूर्ण आचरणात आलं तेवढंच सुचवायचं? असा नियम केला तर गीतेचं नावसुद्धा कुणाला घेता येणार नाही! मला वाटतं, पूर्णत्वाची अट नको, खरेपणाची हवी. पुस्तक पुढे देणं ही आपल्या परंपरेत जबाबदारी मानली आहे. १५८४ साली एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण हातोहात जाताना तिच्यात पाठभेद शिरले होते. आपल्या हातून पुढे जाणारं नीट जावं, ही ती काळजी. आपण निदान एवढं तर सांगू शकतो, की मी कुठवर आले, काय कळलं, कुठे अडलं.

म्हणून या महिन्याची यादी या पद्धतीने देते.

'गीता प्रवचने' : आता अठराही अध्याय झाले. आठवा दोनदा. घरात कुणी गेलं असेल तर हे पुस्तक नुसतं हातात देऊ नका, त्यांच्याबरोबर बसून वाचा.

'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई टिळक : पूर्ण वाचलं. १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतरची ताटातूट, स्वतःच्या मनातले सोवळ्या-ओवळ्याचे गुंते, सगळं ही बाई हसत हसत आणि स्वतःला न वाचवता सांगते. मला यातून प्रामाणिकपणा कसा असतो ते दिसलं. माझ्यात आलाय असं म्हणत नाही.

'दासबोध' : वीसपैकी सातवा दशक चालू. पुढच्या तेरांबद्दल माझं मत नाही.

आजचा संकल्प छोटासाच. यापुढे "वाचायलाच हवं" म्हणण्याआधी स्वतःला विचारायचं : याने माझ्यात काय बदललं? उत्तर आलं तर ते सांगायचं. नाही आलं तर म्हणायचं, "मीही अजून वाचतेय. बरोबर वाचूया का?"

तो मुलगा आणि मी आता गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत दासबोधाचा एक समास वाचतो. आजचा समास या गुरुवारी त्याच्यासोबत पुन्हा वाचायचा आहे.

जय जय रघुवीर समर्थ!