विद्यापीठ आणि शेजारची कंपनी

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ सुरू झाले ते परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी; शिकवणे हे कॉलेजांचे काम. अध्यापन आणि संशोधन कायद्याने विद्यापीठाच्या कक्षेत आले ते १९०४ च्या अधिनियमाने. आता त्याच संस्थेने पेटंट मिळवावे, स्टार्टअप उभे करावेत, उद्योगांशी करार करावेत अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यासाठी स्वतंत्र संचालकपदही ठेवले. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, लेखापरीक्षण हा सांगाडा मात्र सरकारी धाटणीचाच राहिला.

संशोधनाचे करार तपासणाऱ्या एका समितीवर मी काही वर्षे होतो. तिथे विज्ञानावरून क्वचितच अडायचे. वाद व्हायचा तो मालकीवरून. प्राध्यापक म्हणत, कल्पना माझी. संशोधक विद्यार्थी म्हणे, प्रयोग मी केले. वित्त विभाग उपकरणांच्या बिलांकडे बोट दाखवी.

आपला १९७० चा पेटंट कायदा पहिला हक्क शोधकर्त्याला किंवा त्याने तो ज्याला लेखी दिला त्याला देतो. नोकरीत लावलेल्या शोधाबद्दल त्यात वेगळे कलम नाही. म्हणून सगळे सेवानियमांवर आणि सह्यांवर येऊन ठेपते. अमेरिकेने १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे हक्क विद्यापीठांना स्वतःकडे ठेवू दिले. तरीही २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ रोश कंपनीविरुद्ध हरले, कारण संशोधकाचा हक्क आपोआप संस्थेकडे जात नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. बे-डोलच्या धर्तीचे विधेयक आपल्याकडे २००८ मध्ये राज्यसभेत आले, पण त्याचा कायदा झाला नाही.

पैशाचा प्रश्न आणखी नाजूक. शिक्षणसंस्थेला प्राप्तिकरात सूट हवी असेल, तर तिचा उद्देश निव्वळ शिक्षण हाच असला पाहिजे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. संशोधन अनुदान हा सेवेचा मोबदला धरून काही संस्थांना जीएसटीच्या नोटिसाही गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने सूट सुचवली, तेव्हा कुठे दिलासा मिळाला. अशा वेळी व्यवहारासाठी शेजारी वेगळी संस्था काढणे शहाणपणाचे ठरते. आयआयटी मुंबईच्या ‘साइन’ या स्टार्टअप केंद्राची २००४ मध्ये सोसायटी म्हणून नोंदणी झाली, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातले व्हेंचर सेंटर ना-नफा कंपनी आहे.

या व्यवस्थेला माझा विरोध नाही. जोखीम घेणे, भागभांडवल धरणे, पटकन निर्णय करणे अधिसभेच्या गतीने होणार नाही. धोका वेगळाच आहे: व्यवहाराबरोबर निर्णयही भिंतीपलीकडे जातो. एका करारात कंपनीची अट होती की तिच्या परवानगीशिवाय काहीही छापायचे नाही. त्यात एका विद्यार्थ्याचा प्रबंध अडकणार होता. पेटंटचा अर्ज जाण्याआधी शोध प्रसिद्ध झाला तर त्याचे नावीन्य जाते, हे खरे. पण अर्ज करायला काही महिने पुरतात. आम्ही तेवढीच मुदत मान्य केली. कंपनी कुरकुरली, तरी सही झाली.

विद्यापीठाला कंपनीसारखे वागू द्यायचे की नाही, यावर आपण फार वेळ घालवतो. त्याऐवजी तीन गोष्टी कायद्यात लिहून टाकाव्यात: शोधाच्या उत्पन्नात विद्यार्थ्याचा वाटा, प्रबंध प्रसिद्ध करण्याचा त्याचा हक्क आणि शेजारच्या कंपनीने केलेल्या प्रत्येक कराराचा गोषवारा अधिसभेपुढे ठेवण्याचे बंधन. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला जो करार अधिसभेत उघडपणे मांडता येत नाही, तो तिने करूच नये.