मागच्या चाकांचे वय

गाडीचे वय एकच असते, असे कागद मानतात. लोखंड तसे मानत नाही. १९६३च्या फोक्सवॅगन बीटलखाली १९६७चा मागचा ॲक्सल बसतो, त्यावर १९६८चे ब्रेक ड्रम चढतात आणि गाडी चालू लागते. चालली म्हणजे जमले, असे समजणाऱ्याने अजून जोरात ब्रेक दाबलेला नसतो.

*

बीटल २ कोटी १५ लाखांहून अधिक निघाल्या. बाहेरून पाहणाऱ्याला ती दशकानुदशके तशीच दिसली. आतून मात्र कारखाना जवळजवळ दर वर्षी काही ना काही बदलत राहिला. दोन गोष्टी सारख्या दिसू लागल्या की माणूस मोजायचे सोडतो. चुकीचा भाग तिथेच गळ्यात पडतो.

*

वर्ष म्हणजे तरी काय? फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्ग येथील कारखान्यात १९५५पासून नवे मॉडेल ऑगस्टमध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सुरू होई. त्यामुळे डिसेंबर १९६६मध्ये तयार झालेली गाडी १९६७ची ठरते. १९६४च्या ऑगस्टपासून चॅसी क्रमांकातला तिसरा आकडा हे वर्ष सांगतो; तिथे ७ दिसला की मॉडेल १९६७चे. जुना ॲक्सल विकत घेणाऱ्याने तो कोणत्या गाडीखालून निघाला ते विचारावे, आणि शक्य असेल तर त्या गाडीचा क्रमांक स्वतः वाचावा. विकणाऱ्याला आठवते ते बहुधा खरेदीचे वर्ष. भागाला ठाऊक असते ते घडणीचे.

*

जुन्या बीटलचा मागचा ॲक्सल झुलता. गिअरबॉक्सच्या दोन्ही अंगांना एकेक नळी, नळीत दांडा, दांड्याच्या टोकाला चाक. नळी गिअरबॉक्सपाशीच वर-खाली होते, म्हणून चाक वर-खाली होताना कलतेही. वळणावर गाडीचा मागचा भाग उचलला गेला तर चाक आत मुडपते आणि रस्त्यावरची पकड सुटू लागते. १९६७च्या मॉडेलला कारखान्याने नळ्या आणि दांडे लांब केले, मागची चाके एकमेकांपासून दूर नेली आणि चाके आत मुडपण्याला आवर घालणारा जादा दांडा जोडला. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना १९६९मध्ये रचनाच बदलून मिळाली: प्रत्येक दांड्याला दोन सांधे आले आणि चाकाचे कलणे फार कमी झाले.

जो भाग आपण हौसेने बदलतो, तो कारखान्याने विचाराअंती बदललेला असतो. त्याचे कारण समजल्याशिवाय तो उचलू नये.

*

१९६७चा लांब ॲक्सल १९६५च्या गाडीला लागतो, कारण दोन्हींची जात एक. १९६९चा दुहेरी सांध्यांचा ॲक्सल त्याच गाडीला तसाच लागत नाही; त्यात चाक धरणारे तिरके हात असतात, आणि त्या हातांचे आधार जुन्या चॅसीवर नाहीतच. ते वेल्डिंग करून बसवावे लागतात, आणि दोन्ही बाजूंना अचूक एकाच जागी.

पहिल्या कामात भाग बदलतो, दुसऱ्यात पायाच बदलतो. या दोन कामांना एकच नाव देणारा माणूस खर्चात चुकतो, ते परवडते. तो धोक्यातही चुकतो, ते परवडत नाही.

*

ॲक्सल बदलला की ब्रेकचा पाइप बदलतो, हँडब्रेकच्या केबलची लांबी बदलते, ड्रम बदलतो, ड्रमबरोबर चाकही बदलते. अमेरिकेतल्या १९६७च्या चाकाला पाच बोल्ट, २०५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर; १९६८ला चार, १३० मिलिमीटरवर. मागे चार आणि पुढे पाच बोल्ट असलेल्या गाडीला एक स्टेपनी पुरत नाही. ही अडचण रात्री, आडरस्त्यावर, पंक्चरच्या वेळी कळते.

बदलाला शेपूट असते. ते जिथे संपते तिथपर्यंत गेल्यावरच काम पुरे झाले म्हणावे.

*

ब्रेकचा सगळा अर्थ पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या वाटणीत आहे. ब्रेक लागला की गाडीचे वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात. हलके चाक आधी जाम झाले की गाडीचा मागचा भाग बाजूला सरकतो आणि गाडी गरकन फिरते. बीटलचे इंजिन मागे, निम्म्याहून अधिक वजन मागच्या चाकांवर. तरीही तिच्या मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर पुढच्यापेक्षा लहानच ठेवलेले असतात.

मागे मोठा सिलिंडर आणि रुंद ब्रेक शू घालून पुढचे तसेच ठेवणारा म्हणेल, ब्रेक वाढवला. त्याने वाटणी मोडली. एका टोकाला वाढवलेली ताकद दुसऱ्या टोकाला विचारून वाढवावी लागते.

*

मागच्या चाकासाठी स्प्रिंगचे काम करणारी, पीळ झेलणारी दांडी म्हणजे टॉर्शन बार. तिच्या दोन टोकांकडे एकदा नीट पाहावे. आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता सरकवला तर कोन ९ अंशांनी बदलतो, बाहेरचा सरकवला तर साधारण ८ अंश १० मिनिटांनी. एक पुढे आणि एक मागे घेतला की हाती येतो सुमारे ५० मिनिटांचा, म्हणजे एका अंशाहून कमी फरक. दात्यांची रचना जाड, तरी तिच्यातून बारीक समायोजन निघते. कारण दोन टोके मुद्दाम असमान ठेवली आहेत.

ज्याने हे योजले त्याला ठाऊक होते की पुढे कोणीतरी ही गाडी उघडेल, तिची उंची नव्याने लावेल. त्याने त्या अनोळखी हातांसाठी सोय करून ठेवली. चांगल्या यंत्रात पुढच्या माणसाचा विचार असतो.

*

झुलत्या ॲक्सलच्या दांड्याचे आतले टोक चपटे असते आणि ते डिफरेन्शियलच्या दातचक्रात बसते. या दोघांच्या मापांत सूक्ष्म फरक असतात. म्हणून कारखाना रंगाची खूण करून त्यांचे गट पाडत असे आणि एका गटाचा दांडा त्याच गटाच्या दातचक्राला देत असे. म्हणजे एकाच वर्षाचे, एकाच दिवसाचे दोन भागसुद्धा एकमेकांचे असतीलच असे नाही. मग चार वर्षांच्या अंतरावरचे दोन भाग पाना फिरवला म्हणून एक कसे व्हावेत? दांडा ज्या दातचक्रासह निघाला, त्याच्यासह घ्यावा. जोडीपासून तोडून आणलेला भाग स्वस्त मिळतो आणि महागात पडतो.

*

शेवटी सगळे येऊन थांबते ३६ मिलिमीटरच्या एका नटावर. बीटलचे मागचे चाक ड्रमला बोल्टने धरलेले, ड्रम दांड्याच्या दात्यांवर सरकवलेला, आणि ड्रमला जागी ठेवणारा हा एकच नट. चाकही त्याच्यावर, ब्रेकही त्याच्यावर. तो ३० किलोग्रॅम-मीटरने आवळायचा: एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ३० किलोंचे वजन. मग नट सुटू न देणाऱ्या कॉटर पिनचे भोक जुळले नाही, तर नट आणखी पुढे न्यायचा. जुळवण्यासाठी मागे कधीच घ्यायचा नाही.

नट ढिला राहिला तर ड्रमचे दाते हळूहळू खाल्ले जातात. आवाज उशिरा येतो. हाताच्या अंदाजावर विश्वास ठेवणाऱ्या मिस्त्रीचा मी आदर करतो. या नटापाशी मात्र त्याने टॉर्क पाना मागवावा.

*

इंजिनातली चूक लगेच बोलते: गाडी सुरू होत नाही, धूर येतो, ओढ कमी पडते. ब्रेकमधली चूक गप्प राहू शकते. सावकाश चालवताना, कोरड्या रस्त्यावर, एकट्याने बसल्यावर ती दिसत नाही. ओला रस्ता, भरलेली गाडी आणि समोर अचानक आलेले मूल, अशा क्षणी ती एकदाच बोलते. म्हणून अशा कामाची परीक्षा आपण आधी घ्यावी: मोकळ्या जागी, कमी वेगात, आधी कोरड्यावर, मग ओल्यावर, आणि कोणते चाक आधी जाम होते ते बाहेर उभ्या माणसाने पाहावे.

*

जर्मनीत असा बदल केला की तपासनीस गाडी बघतो आणि बदल गाडीच्या कागदांत नोंदवला जातो. आपल्याकडेही मोटार वाहन कायदा, १९८८ हेच सांगतो की गाडी तिच्या नोंदणीशी विसंगत होईल असे फेरफार मनमानी करता येत नाहीत. याला नुसती कटकट मानणे सोपे आहे. पण १९६३च्या कागदावर १९६७चा ॲक्सल चालवणारी गाडी पुढच्या मिस्त्रीशी खोटे बोलते. तो १९६३चे शू आणतो, ते बसवायला झटतो, आणि कधी कधी बसवतोही.

दोन वर्षे एका गाडीत सुखाने नांदू शकतात. त्यासाठी बदल शेवटपर्यंत न्यावा लागतो आणि तो लिहून ठेवावा लागतो. तुम्ही गाडीचा ॲक्सल किंवा ब्रेक बदललात, तर कोणत्या मॉडेलचा ॲक्सल, कोणता ड्रम, कोणत्या मापाचा सिलिंडर, टॉर्शन बारचे किती दाते कुठे सरकवले, हे सगळे तारखेसह एका कागदावर लिहा आणि तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. गाडी विकाल तेव्हा तो कागदही चावीबरोबर द्या.