शस्त्र आणि स्वातंत्र्य

राज्यसत्ता मदोन्मत्त झाली तर प्रजेनें काय करावें, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. त्याचें एक उत्तर असें कीं, प्रत्येक नागरिकाच्या घरीं बंदूक असावी. म्हणजे जुलूम करण्यापूर्वीं सत्ताधीश दहा वेळां विचार करील. अमेरिकेंतील पुष्कळ लोक हें मत आजहि निष्ठेनें बाळगतात. तें हंसण्यावारी नेणें सोपें आहे. परंतु ज्या मताच्या मुळाशीं स्वातंत्र्याची चाड आहे, त्याचा विचार आदरानेंच केला पाहिजे.

या मताचें बळ कशांत आहे तें प्रथम पाहूं. इंग्लंडांत १६८९ च्या हक्कांच्या सनदेनें प्रॉटेस्टंट प्रजेस कायद्याच्या मर्यादेंत शस्त्रें बाळगण्याची मुभा दिली, कारण दुसऱ्या जेम्स राजानें आपणांस निःशस्त्र केल्याची त्यांची तक्रार ताजी होती. अमेरिकेच्या राज्यघटनेंत १७९१ सालीं झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीनें, सुव्यवस्थित नागरिक-सेना स्वतंत्र राज्याच्या रक्षणास आवश्यक आहे असें सांगून, लोकांचा शस्त्रें बाळगण्याचा हक्क अबाधित ठेवला. सत्ताधीशांच्या खड्या फौजेचें भय त्यामागें होतें. आम्हां एतद्देशीयांस तर ही भावना समजावून सांगण्याचें कारणच नाहीं. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ सालीं हत्यारांचा कायदा झाला, आणि त्याच वर्षीं देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुखास कुलूप घालणारा कायदाहि झाला. हत्यारांच्या परवान्यांतून युरोपियनांस सूट, आणि या भूमीच्या पुत्रांनीं मात्र अर्ज-विनंत्या कराव्यात! बंदूक नाहीं याच्या दुःखापेक्षां, आपल्याच देशांत आपण अविश्वासास पात्र ठरलों, ही बोच मोठी होती.

परंतु विषमतेनें हिरावलेला हक्क परत मागणें निराळें, आणि तो हक्क म्हणजेच स्वातंत्र्याचें तारण असें मानणें निराळें. या दोहोंची गल्लत होऊं नये. बंदुकीस जुलूम ओळखतां येत नाहीं. तो ओळखावा लागतो माणसानें. मग तो कोणीं ओळखावा?

अमेरिकेचाच इतिहास पाहा. १७९४ सालीं पश्चिम पेनसिल्व्हानियांतील शेतकऱ्यांनीं दारूवरील कराविरुद्ध शस्त्र उचललें. आपण जुलमाशीं झगडत आहों, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांच्यावर अध्यक्ष वॉशिंग्टन यांनीं जें सुमारें १३,००० चें दळ धाडलें, तें नागरिक-सेनेचेंच होतें. दोन्हीं बाजूंस सशस्त्र नागरिक, आणि दोन्हीं बाजूंस स्वातंत्र्याचा घोष! पुढें १८७३ सालीं लुइझियानांतील कोलफॅक्स गांवीं, वादग्रस्त निवडणुकीनंतर, न्यायकचेरी राखून बसलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांवर गोऱ्यांचा सशस्त्र जमाव चालून गेला व त्यांतील कित्येकांस शरण आल्यावर ठार करण्यांत आलें. १८९८ मध्यें नॉर्थ कॅरोलायनांतील विल्मिंग्टन शहरीं अशाच जमावानें निवडून आलेला नगरकारभार उलथून टाकला. येथें जुलूम करणारा राजा नव्हता. बंदूकधारी शेजारी होता.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्याच लुइझियानांत १९६४ सालीं कृष्णवर्णीयांनीं ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ नांवाचें सशस्त्र रक्षकदल उभारलें आणि नागरी हक्कांसाठीं झटणाऱ्यांस जमावाच्या हल्ल्यांपासून संरक्षण दिलें. बंदुकीनें कोणाचेंच रक्षण होत नाहीं, असें म्हणणें म्हणूनच असत्य ठरेल. तथापि जीव वांचविणें हें एक कार्य आणि राज्य सुधारणें हें दुसरें. मतदानाचा जो हक्क त्या लोकांस हवा होता, त्यास खरें बळ आलें तें चळवळीच्या रेट्यानें झालेल्या १९६५ च्या कायद्यामुळें.

आमच्या घटनासमितीपुढेंहि हा प्रश्न आला होता. डिसेंबर १९४८ मध्यें ह. वि. कामत यांनीं शस्त्रें बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचविली, डॉ. आंबेडकरांनीं ती मान्य केली नाहीं व ती फेटाळली गेली. मग सत्ता बेफाम झाल्यास आमच्या हातीं काय उरलें? १९७५ सालीं तशी वेळ आलीच. आणीबाणी पुकारली गेली, वृत्तपत्रांवर नियंत्रण आलें, विरोधी पुढारी तुरुंगांत पडले. १९७६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि स्थानबद्धांस दाद मागण्याची वाट नाकारली. पांच न्यायमूर्तींपैकीं एकट्या हंसराज खन्ना यांनीं विरुद्ध मत दिलें. अखेर मार्च १९७७ च्या निवडणुकींत मतदारांनीं सत्ताधाऱ्यांस खालीं उतरविलें.

ती निवडणूक झालीच नसती तर? प्रश्न रास्त आहे. सर्व सनदशीर वाटा बुजल्यावर शस्त्र उचलणें पापच होय, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या एका दिवसासाठीं घरोघरीं बंदूक ठेवणाऱ्या समाजास मधलीं सारीं वर्षें परस्परांच्या भयांत काढावीं लागतात. आणि तो दिवस उजाडल्यावर शेजाऱ्याची बंदूक जुलमाच्या बाजूस नसेल, याची हमी कोण देणार? मताचा कौल फिरवितां येतो, न्यायालयाचा निकाल पुढें चुकीचा ठरवितां येतो. सुटलेली गोळी मात्र परत घेतां येत नाहीं.

कोणताहि जुलमी एकट्याच्या बाहुबळावर राज्य करीत नाहीं. हुकूम लिहिणारा कारकून, तो बजावणारा शिपाई, तो उचलून धरणारा न्यायाधीश आणि निमूटपणें पाहणारे आपण सर्व, यांच्यावर त्याची सत्ता उभी असते. यांपैकीं प्रत्येकास ‘नाहीं’ म्हणण्याचा प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच. खन्नांनीं तो शब्द उच्चारला, आणि सरन्यायाधीशपद गमावून त्याची किंमतहि मोजली. तसा शब्द वेळीं उच्चारण्याचें धैर्य ज्या समाजांत नाहीं, त्याच्या घरीं असलेली शस्त्रें ज्याचा धाक अधिक त्याच्याच कामीं येतात. म्हणून ज्यांस स्वातंत्र्याची काळजी आहे त्यांनीं शस्त्रागाराची चिंता करण्यापूर्वीं, आपल्या मुलांस हा एक शब्द उच्चारतां येतो कीं नाहीं, याची चिंता करावी.