आत्याची गाय

नाणे मावळातल्या एका वस्तीवर आत्याच्या टाळूला गाठ आली आणि निदान गावानंच करून टाकलं. लग्नाआधीपासून मिश्री लावणारी बाई, आणखी पुरावा कशाला? शेजारच्या काकू स्वतःच्या डबीतली चिमूट हिरडीवर घासत म्हणाल्या, "हत्यार लावू देऊ नकोस गं. हात लावला की पसरतं."

आत्यानं आवराआवर काढली. इंद्रायणीचं बियाणं पुतण्याला, पाटल्या सुनेला, दुभती गाय काकूंना. कार्ल्याला जाऊन एकवीरेची ओटी भरली. डॉक्टरांकडे जायचं तेवढं राहिलं. भात लावून झालं, कापून झालं. गाठ घासाला आडवी यायला लागली तेव्हा सुनेनंच तिला कामशेतहून लोकलमध्ये बसवलं.

पुण्यात तुकडा काढला. रिपोर्टात 'प्लाझ्मा पेशी' एवढं वाचून पुतण्यानं मोबाइल उघडला. झालं! मोबाइलवर मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कर्करोग निघाला आणि घरात नव्यानं रडारड सुरू.

डॉक्टरबाई मात्र थांबा म्हणाल्या. प्लाझ्मा पेशी म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या आपल्याच पेशी; जुना दाह असला की तिथं जमतात. आता, पुतण्याचं भय अगदीच पोकळ नव्हतं. प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाची गाठ म्हणजे प्लाझ्मासायटोमा; हाडांबाहेर होणाऱ्या अशा गाठींपैकी सुमारे ८० टक्के डोक्यामानेच्या भागातच, म्हणजे नाक-तोंड-घशाकडेच सापडतात, आणि नुसत्या भिंगाखाली दाह आणि कर्करोग, दोन्ही प्रकार सारखे दिसू शकतात.

"एकवीरेच्या जत्रेला गावोगावची माणसं येतात, तशी ही गर्दी आहे, की एकाच घरची भावकी वाढलीय, ते बघायचं," बाई म्हणाल्या. प्रत्येक प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडातल्या कॅपा किंवा लॅम्डा, यांतली एकच साखळी बनवते. सगळ्या एकाच पेशीची पिलावळ असतील तर साखळीही एकच सापडते. आत्याच्या तुकड्यात रंग लावून पाहिलं, दोन्ही होत्या. रक्त, लघवी, हाडं, सगळं ठीक. प्लाझ्मा सेल ग्रॅन्युलोमा: क्वचित होणारी, पण कर्करोग नसलेली गाठ. ती पूर्ण काढली. निघताना बाईंनी बजावलं, "ही साधी निघाली म्हणून मिश्रीला माफी नाही हं."

आत्या परतली ती थेट काकूंच्या गोठ्यात.

"माझी गाय सोड."

"दिलेलं कुणी परत मागतं होय?"

"मेले असते तर नसतं मागितलं."

काकू खो खो हसल्या. हसताना खालचा ओठ दुमडला आणि आतला पांढरा चट्टा आत्याला दिसला.

"हे कधीपासनं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "शिमग्यापासनं. कुणाला बोलू नको."

आत्यानं दाव्यावरचा हात काढला. "गायीचं मागनं बघू. उद्या सकाळच्या लोकलला चल."