भिंतीआडचा खर्च

डेटन, ओहायो
७ मार्च

चि. मुक्ता हिस,


तू पाठवलेले फोटो आणि खर्चाचा कागद, दोन्ही नीट पाहिले. १९६४ सालचा सोळा फुटी शास्ता एअरफ्लाइट ट्रेलर, मागच्या बाजूला ते पत्र्याचे पंख, मालक मागतोय साडेतीन हजार डॉलर, आणि तुझ्या अंदाजाने आणखी दोन हजारांत तो रस्त्यावर येईल. जूनमध्ये रोहन, तू आणि ओवी त्यातून मिशिगनच्या तळ्यांकडे जाणार, असंही लिहिलंस. घेऊ की नको, असं विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या कागदावर रंग आहे, पडदे आहेत, गाद्यांची कव्हरं आहेत, जमिनीवरचं व्हिनाइल आहे. म्हणजे फोटोत जे दिसतं ते सगळं आहे. फोटोत न दिसणारं एकही कलम नाही, आणि साठ वर्षं जुन्या ट्रेलरचा बहुतेक पैसा तिथेच जातो. या पत्रातली एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीस तरी मला पुरे आहे.

हे ट्रेलर कसे बांधत, ते आधी सांगतो, म्हणजे खर्चाचं कारण कळेल. शास्ता कंपनी १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, सैनिकांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी. युद्धानंतर तिने सहलीचे ट्रेलर काढले, आणि पुढे तुमच्याच इंडियानात, गोशेनलाही तिचा कारखाना होता. बांधणी आतून बाहेर व्हायची. लोखंडी चॅसिसवर प्लायवुडची जमीन, त्यावर पातळ बर्चच्या भिंती आणि कपाटं, मग लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वायरी, फायबरग्लासचा थर, आणि सर्वांत शेवटी बाहेरचा अॅल्युमिनियमचा पत्रा. सांगाड्याच्या पट्ट्या जेमतेम पाऊण इंच जाड आणि दीड इंच रुंद. कपाटांचे स्क्रूसुद्धा पत्रा बसण्याआधी बाहेरून मारलेले असत. म्हणून आतून कितीही ठोकाठोक केलीस तरी दुरुस्ती होत नाही. खिडक्या काढायच्या, कडेच्या पट्ट्या काढायच्या, पत्रा सोलायचा, तेव्हा खरा ट्रेलर दिसतो.

याचा शत्रू एकच, पाणी. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे मिळतात, त्या सांध्यात पूर्वी पुट्टी भरत. ती काही वर्षांत वाळते आणि भेगाळते. मग पाणी स्क्रूच्या भोकातून शिरतं, फायबरग्लास ते धरून ठेवतो, आणि लाकूड कुजत जातं. पत्रा मात्र कुजत नाही, म्हणून बाहेरून सगळं ठाकठीक वाटतं. वर नवा रंग असेल तर अधिकच. रंगवून विकायला काढलेला ट्रेलर दिसला तर जास्त सावध राहा. न रंगवलेला निदान खरं बोलतो.

शनिवारी पाहायला जाशील तेव्हा फ्लॅशलाइट, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि ओल मोजायचं मीटर घेऊन जा. ते तीस-चाळीस डॉलरांत मिळतं. चारही कोपऱ्यांत, खिडक्यांच्या खाली, छतावरच्या झडपेभोवती आणि पुढच्या-मागच्या खिडकीच्या खालच्या कडेला तपास. पलंगाखालच्या पेटीत शिरून जमिनीवर जोर दे. पाय दबला तर तिथलं प्लायवुड गेलंय. आतल्या बर्चवर काळपट नकाशे दिसले तर मागची पट्टी भिजलेली आहे असंच धर. मग ट्रेलरखाली आडवी होऊन चॅसिस पाहा, विशेषतः अॅक्सल जिथे जोडलाय आणि हिचचा (गाडीला जोडणाऱ्या भागाचा) त्रिकोण जिथे सुरू होतो तिथे. गंज वरवरचा असेल तर घासून निघतो. वेल्डजवळ तडा असेल तर कुशल वेल्डर लागतो.

आत शिरण्याआधी दारं उघडून हवा खेळू दे. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर झाडू नकोस आणि व्हॅक्यूमही लावू नकोस. त्यातून हंताव्हायरस हवेत येऊ शकतो. ब्लीचच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून पुसून काढायच्या. दुसरं म्हणजे, घरगुती रंगातल्या शिशावर अमेरिकेत बंदी आली ती १९७८ मध्ये, आणि हा ट्रेलर १९६४ चा. रंग घासण्याआधी शिशाची चाचणी करून घे, आणि ते काम चालू असेपर्यंत ओवीला त्या आवारातही येऊ देऊ नकोस. तीन वर्षांच्या मुलाची बोटं दिवसभर तोंडात असतात.

आता हिशेब. तुझा ट्रेलर मध्यम अवस्थेत आहे असं धरून, आजच्या भावाने ढोबळ आकडे देतो.

चाकांपासून सुरू कर. टायर नक्षी शाबूत असली तरी वयाने मरतात. ट्रेलरचे टायर पाच-सहा वर्षांनी बदलायचेच. नवे टायर, बेअरिंग, विजेवर चालणारे ब्रेक आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारं बटण, या सगळ्याला १,००० डॉलर. लाकूड, म्हणजे जमिनीचं प्लायवुड, सांगाड्याच्या पट्ट्या आणि आतलं बर्च, १,४०० डॉलर. फायबरग्लासच्या जागी नवं इन्सुलेशन १५०. सांध्यांची ब्यूटिल टेप, स्टेनलेसचे स्क्रू, खिडक्यांचे रबर, कडेच्या पट्ट्यांतली भरणी, ५००. वायरिंग, ब्रेकर, कन्व्हर्टर आणि मागचे-बाजूचे दिवे, ५५०. गॅसचा रेग्युलेटर, नळ्या, टाकी आणि तीन अलार्म, ३५०. फोम आणि कापड, ९००. रंग आणि व्हिनाइल स्वतः लावलंस तर ७००. तुमच्याकडे आज नसलेली हत्यारं, ६००. बेरीज ६,१५० डॉलर. त्यावर पत्रा सोलल्यावर जे निघेल त्यासाठी तीस टक्के बाजूला ठेव. झाले आठ हजार. खरेदी धरून साडेअकरा हजार. तुझ्या कागदावर साडेपाच होते.

यात तुमची मजुरी शून्य धरली आहे. असं पूर्ण उघडून बांधायचं काम नवख्या माणसाला सहाशे तासांच्या आसपास जातं. तेच दुकानात दिलंस तर तासाला शंभर डॉलर धरले तरी साठ हजार होतात. म्हणजे स्वतः करून वाचते ती मजुरी. साहित्याचा खर्च कोणालाच चुकत नाही. आणि तुम्हा दोघांच्या नोकऱ्या, ओवीची शाळा, सगळं सांभाळून आठवड्याला दहा तास निघाले, तरी साठ आठवडे लागतात. इंडियानाच्या थंडीत उघड्या ड्राइव्हवेवर रंग बसत नाही की टेप धरत नाही. म्हणून या जूनचं मनातून काढून टाक. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी निघालात तरी चांगलं काम झालं असं मी म्हणेन. यंदाच्या जूनला तंबू घेऊन जा. ओवीला तेवढाच आनंद होईल.

पैसे कमी असतील तर ते कोणत्या क्रमाने घालायचे, हे त्याहून महत्त्वाचं. राजापूरच्या आपल्या घराची शाकारणी झाल्याशिवाय आजोबांनी कधी भिंतीला चुना लावू दिला नाही. इथेही तोच क्रम. आधी जे रस्त्यावर जीव राखतं ते, म्हणजे चाकं, ब्रेक, हिच, दिवे. मग पाणी बाहेर ठेवणारं छत आणि सांधे. मग सांगाडा आणि जमीन. मग वीज आणि गॅस. रंग, पडदे, गाद्या सर्वांत शेवटी. त्यांच्यासाठी पैसे उरले नाहीत तर जुन्या चादरीवर झोपा; ट्रेलर तरीही चालेल. उलट केलंत तर पहिल्या मोठ्या पावसात नवं बर्च आणि नव्या गाद्या दोन्ही जातील.

सांध्यांवर सिलिकोन चुकूनही लावू नकोस. दुकानदार देईल, स्वस्तही मिळेल. पण सिलिकोनवर पुन्हा सिलिकोन धरत नाही, रंग तर अजिबात बसत नाही, आणि पुढच्या दुरुस्तीला ते खरवडून काढताना जीव जातो. पट्टी काढायची, पत्रा स्वच्छ करायचा, ब्यूटिल टेप घालायची, पट्टी पुन्हा स्क्रूने आवळायची. टेपला दहा-बारा डॉलर पडतात. त्यात काटकसर नको. स्क्रू स्टेनलेसचेच वापर. साधा लोखंडी स्क्रू ओलाव्यात अॅल्युमिनियमशी भिडला की भोवतालचा पत्रा खायला लागतो आणि भोक मोठं होत जातं.

पत्रा एकाच वेळी सगळीकडून सोलायचा नाही. एक बाजू उघडा, ती पूर्ण करा, मग दुसरी. सांगाडा कुजलेला असेल तर पत्र्यानेच आकार धरून ठेवलेला असतो. सगळं काढलंत तर तो बाजूला कलतो आणि मग खिडक्या जागेवर बसत नाहीत. काढलेली प्रत्येक पट्टी कितीही कुजली असली तरी फेकू नका. तीच नव्या पट्टीचा साचा आहे. फोटो काढा, नंबर टाका, वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

वजनाचं भान ठेव. जाड प्लायवुड, मोठी बॅटरी, सुंदर लाकडी कपाट, असं करत वजन चढतं आणि अॅक्सलला नि तुमच्या गाडीला ते पेलावं लागतं. हिचवर येणारं वजन एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावं. त्याहून कमी झालं की हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. काम संपल्यावर सामान भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट काट्यावर वजन करून घ्या, आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या मर्यादेशी ताडून पाहा.

बाकी सगळं स्वतः करा, पण गॅस आणि मुख्य वीजजोडणी जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय त्यात एक रात्रही झोपू नका. दोनशे डॉलर घेईल, घेऊ दे. धूर, कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळती, तिन्हींचे अलार्म हवेत. इतक्या लहान बंद जागेत शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही, हे रोहनलाही सांग. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पैसे वाचवायच्या खऱ्या जागा सांगतो. एल्कहार्ट तुमच्यापासून अडीच-तीन तासांवर आहे. देशातला ट्रेलरचा धंदा तिथे एकवटलाय, त्यामुळे कारखान्यांचा उरलेला माल विकणारी दुकानं आहेत. दिवे, झडपा, कुलपं, फोम तिथे स्वस्त पडतं. तिथेच आरव्हीचं हॉल ऑफ फेम आणि संग्रहालय आहे. खरेदीआधी एकदा ओवीला घेऊन जा आणि जुने ट्रेलर जवळून पाहा. मूळचा बर्फाचा फ्रिज असेल तर तोच ठेवा; गॅसवरच्या नव्या फ्रिजला हजाराच्या वर मोजावे लागतात. महाग हत्यारं शेजाऱ्याकडून किंवा भाड्याने घ्या. आणि काम झाल्यावर विमा उतरवताना ठरलेल्या किमतीचा विमा मागा. नाहीतर अपघातानंतर कंपनी साठ वर्षांच्या जुन्या वस्तूची किंमत देईल, तुमच्या कामाची नाही.

कागदपत्रांबद्दल माझा आग्रह आहे. मालकाच्या नावावरचं टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, हातात, आणि त्यावरचा क्रमांक ट्रेलरवरच्या क्रमांकाशी जुळलेला, असं असेल तरच पैसे दे. ‘हरवलंय, तुम्ही बीएमव्हीतून (वाहन नोंदणी कार्यालयातून) काढून घ्या’ असं म्हणाला तर त्यालाच आधी दुसरी प्रत काढायला सांग.

शेवटी, हा खर्च तुम्हा दोघांचा आहे. पैशांइतकेच शनिवार-रविवारही त्यात जाणार, आणि ते ओवीच्या वाट्याचे असतील. म्हणून घेण्याआधी रोहनबरोबर बसून एक आकडा आणि एक तारीख कागदावर लिहा. त्यापलीकडे गेलं तर थांबायचं आणि विकायचं, भांडण न करता. जाहिरातींत अर्धवट सोललेले ट्रेलर सतत दिसतात. बहुतेकांच्या मालकांनी आधी रंग निवडला होता आणि मर्यादा ठरवली नव्हती.

नव्यापेक्षा स्वस्त पडेल म्हणून घेत असशील तर घेऊ नकोस. थोडे वापरलेले, पाऊस न लागलेले लहान ट्रेलर शोधले तर एवढ्या पैशांत मिळू शकतात. विकताना घातलेले पैसे परत येतील हा भरवसाही धरू नकोस. पण हाताने काही उभं करायची तुला लहानपणापासून ओढ आहे, ती मी पाहिली आहे. पट्टीला पट्टी जोडायला, वायर ओढायला, सांधा बंद करायला शिकायचंय, आणि आठ हजार व साठ आठवडे हा त्या शिक्षणाचा खर्च तुम्हा दोघांना मान्य आहे, असं असेल तर जरूर घे. ते शिक्षण महाग नाही.

शनिवारी जमीन घट्ट लागली, चॅसिस शाबूत निघाली आणि टायटल समोर आलं, तर अडीच हजारांपासून बोलायला सुरुवात कर आणि तीन हजारांवर थांब. यातलं एक जरी नसेल तर आभार मानून परत ये. असे ट्रेलर पुन्हा मिळतात. घेतलास तर एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी माझी हत्यारं घेऊन येतो. पहिली बाजू आपण तिघं मिळून उघडू.

रोहनला आशीर्वाद, ओवीला गोड पापा.

तुझा,
श्रीधरमामा