पंचसूना आणि घराची डागडुजी

घर बांधणे, ते राहते ठेवणे आणि वेळोवेळी त्याची डागडुजी करणे हे गृहस्थाचे कर्तव्य आहे, याविषयी भारतीय धर्मपरंपरांमध्ये फारसा वाद नाही. वाद आहे तो या कर्तव्याची किंमत कोणाला मोजावी लागते आणि तिची फेड कशी व्हावी, या प्रश्नावर. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरी पाच ‘सूना’ असतात असे म्हटले आहे. सूना म्हणजे प्राणिवधाची जागा, आणि या पाच जागा म्हणजे चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. ज्या वस्तूंवाचून घराला घरपण येत नाही, नेमक्या त्यांनाच स्मृतिकार खाटकाच्या ओट्याचे नाव देतो, कारण सरपणातला किडा, धान्यातला सोंडा, केरातली मुंगी यांचा जीव या वस्तूंपाशीच जातो. घरातली हिंसा अपवाद म्हणून घडत नसून ती घराच्या रोजच्या चलनवलनातच मुरलेली आहे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

यावर सांगितलेली फेड म्हणजे पंचमहायज्ञ, अर्थात अध्ययन-अध्यापन, पितरांचे तर्पण, देवांसाठी होम, भूतांसाठी बळी आणि अतिथीचा सत्कार ही पाच नित्यकर्मे. यांतला भूतयज्ञ प्रस्तुत प्रश्नाच्या सर्वांत जवळचा आहे. ‘भूत’ याचा येथे अर्थ जीवमात्र, आणि ‘बळी’ म्हणजे त्यांच्यासाठी काढून ठेवलेला अन्नाचा वाटा, जो कुत्रा, कावळा, किडामुंगी यांच्यासाठी जमिनीवर ठेवायचा असतो. जेवणापूर्वी ताटाभोवती पाणी फिरवून उजव्या बाजूला भाताची चार शिते ठेवायची चित्राहुतीची चाल महाराष्ट्रातील काही घरांत अजून टिकून आहे, आणि तिच्यातही आपल्या ताटातला अंश दुसऱ्यासाठी काढून ठेवण्याची हीच वृत्ती दिसते. हे प्रायश्चित्त रोजचे आहे, कारण देणेही रोज नव्याने चढते.

तथापि या ग्रंथाचा आधार घेताना एक गोष्ट टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील परिषदेत दहन झाले, ती मुंगीच्या मरणाची मोजदाद ठेवते आणि माणसामाणसांतील उच्चनीचतेला मात्र धर्माचे बळ देते. पाटा, केरसुणी, उखळ आणि घागर पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्या आणि सेवकांच्या हातात राहिली, पण त्यांच्या श्रमांचे ऋण पाच यज्ञांपैकी एकाही यज्ञाने स्वतंत्रपणे मोजले नाही. म्हणून पंचसूनेचा विचार आज स्वीकारायचा तर परांचीवर दोरीच्या आधाराने उभा राहून भिंत खरवडणारा मजूर आणि तुंबलेली गटारटाकी उपसायला बोलावलेला माणूस यांना त्या हिशेबात सर्वांत आधी घ्यावे लागते.

बौद्ध परंपरेने हा प्रश्न भिक्षूंच्या संदर्भात हाताळला. विनयपिटकातील कथेनुसार राजगृहाजवळ राहणाऱ्या धनिय नावाच्या भिक्षूची गवताची झोपडी लोकांनी तीनदा मोडून नेली, तेव्हा जन्माने कुंभार असलेल्या त्या भिक्षूने पक्की मातीची कुटी उभारली आणि लाकूड, शेण व गवत रचून ती सबंध भाजून काढली. तांबूस रंगाची ती देखणी कुटी पाहून बुद्धांनी ती पाडून टाकण्याची आज्ञा केली, कारण तिच्या घडणीत जीवांविषयीची करुणा सुटली होती. कारागिरीत काहीच उणे नव्हते, ही या कथेतील अस्वस्थ करणारी बाब आहे. गृहस्थाला मात्र कुटी पाडून रानात निघून जाता येत नाही, आणि त्याच्यासाठी जैन आचारशास्त्राने अधिक व्यवहार्य विवेक मांडला: ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा, स्वयंपाक, झाडलोट, बांधकाम यांत होणारी ती आरंभी, उपजीविकेच्या उद्योगात होणारी ती उद्योगी आणि संरक्षणासाठी करावी लागणारी ती विरोधी. श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, पहिली सर्वथा सोडावी आणि उरलेल्या तिन्हींत ‘यतना’, म्हणजे डोळ्यांत तेल घालून पाळलेली सावधगिरी, ठेवावी अशी अपेक्षा आहे.

वास्तुशांतीचा विधीही मुळात याच जाणिवेतून समजून घेता येतो. मत्स्यपुराणातील कथेत अंधकासुराशी लढताना शिवाच्या अंगावरून गळलेल्या घामातून एक प्रचंड भूत जन्मते, देव त्याला पालथे पाडून त्याच्या अंगावर बसतात आणि भुईशी खिळलेल्या त्या भूताला गृहारंभाच्या वेळी पूजा व बळी मिळेल असा वर देतात. म्हणजे प्रत्येक घर कोणाला तरी दाबून उभे राहते, आणि घराच्या मालकाने त्याची आठवण ठेवायची असते. आग्नेय कोपऱ्यात या भूताची, म्हणजेच वास्तुपुरुषाची, प्रतिमा पुरायची, ती याच आठवणीची खूण. आज वास्तूविषयीची चर्चा दिशा, दरवाजे आणि धनलाभ यांभोवती फिरते आणि भुईखाली दबलेल्याचे देणे तीतून गळून पडले आहे, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे. सदनिकेत तर भुई म्हणजे खालच्या बिऱ्हाडाचे छत, त्यामुळे दबलेला जीव नजरेआडच राहतो: वाळू उपसलेल्या नदीच्या पात्रात, डोंगर फोडणाऱ्या खाणीत आणि जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सुमारे ७ ते ८ टक्के वाटा असलेल्या सिमेंटच्या भट्ट्यांत.

डागडुजीच्या कामात संकल्पी आणि आरंभी यांची सीमारेषा वारंवार पुसट होते. वाळवीसाठी भिंतीच्या कडेने भोके पाडून इमिडाक्लोप्रिडसारखे औषध सोडतात, तेव्हा ते वाळवीला लगेच जाणवत नाही आणि अंगाला लागलेले विष कामकरी वाळवी वारुळातील इतरांपर्यंत पोहोचवते. येथे मारण्याचा हेतू उघड आहे, पण चौकट वाचवणेही गरजेचे असल्याने ही हिंसा विरोधी म्हणावी लागते. याउलट दिवाळीच्या रंगकामात खिडकीच्या चौकटीवरचे कुंभारीण माशीचे मातीचे घरटे खरवडून टाकणे निव्वळ घाईपोटी घडते. त्या बंद कोठडीत माशीने डंख मारून लुळे केलेले कोळी किंवा अळ्या भरलेल्या असतात आणि तिचे पिल्लू ते खाऊन वाढत असते. पूर्ण वाढ झाली की ते मातीला भोक पाडून बाहेर पडते, आणि भोक दिसले की घरटे रिकामे आहे हे रंगाऱ्यालाही कळते. भोक नसेल तर चौकटीचा तळहाताएवढा भाग तेवढा ठेवून बाकीचा रंग पुरा करता येतो, आणि उरलेल्या भागापुरता रंग डब्यात झाकून ठेवता येतो.