हिरव्या जाळीचं उत्तर मला नको

शीट गुंडाळू नका, राहू द्या भिंतीवर. ज्युरीत बाहेरचे पाहुणे ‘छान, छान’ म्हणून गेले; आता माझं ऐका. चेंबूरच्या एकरभर भूखंडावर २४ मजल्यांचे दोन टॉवर उभे केलेत. धुळीचं काय, विचारलं तर म्हणे, “मॅडम, हिरवी जाळी लावू, पाणी मारू.” हे उत्तर साइटवरचा मुकादमही देतो. त्यासाठी पाच वर्षं आर्किटेक्चर शिकावं लागत नाही.

महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम काढले: ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रे, इमारतीला कापडाचं आच्छादन, डंपरची चाकं धुणं. ते पाळायचेच, त्यात शहाणपणा कसला? पण पत्रे लागतात ते उडालेली धूळ अडवायला. मुळात किती उडणार, ते तुमच्या ड्रॉइंगवर ठरतं.

बेसमेंट बघा. तीन मजले खाली. का? “पार्किंग बसत नव्हतं.” हिशेब केलात? मग आता करा, माझ्यासमोर. ३,००० चौरस मीटर, खोली १० मीटर, म्हणजे ३०,००० घनमीटर. खोदलेली माती फुगते, सव्वापट धरा: ३७,५००. डंपरमागे १५ घनमीटर धरले तर २,५०० फेऱ्या. आणि तेवढेच डंपर रिकामे परत येणार, त्याच गल्लीतून, जिथे तुमच्याच साइट अ‍ॅनालिसिसमध्ये पालिकेची शाळा दाखवली आहे. एक बेसमेंट कमी केलंत तर आठशेवर फेऱ्या वाचतात. कुठला फवारा एवढं काम करतो, सांगा मला.

वाऱ्याच्या दिशा दाखवणारा विंड रोझ मात्र झकास रंगवलाय. नैऋत्येचा बाण केवढा मोठा! अरे, तो पावसाळ्यातला वारा, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा धुऊनच निघते. ती कोंडते थंडीत, वारा मंदावतो तेव्हा. पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि तुमचे दोन्ही टॉवर नेमके त्यालाच आडवे!

हसू नकोस, जनरेटर तुझा आहे. ४०० केव्हीएचा, आणि धुराडं संपतं दुसऱ्या मजल्यावर, शाळेच्या खिडक्यांसमोर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र फळ्यावर लिहून दिलं होतं: इमारतीची उंची, अधिक केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे गच्चीच्याही वर ४ मीटर. त्यासाठी तळापासून माथ्यापर्यंत शाफ्ट लागतो. आता तो कुठून नेणार? चोवीस घरांच्या स्वयंपाकघरांतून?

सोमवारी नवा सेक्शन आणा. रेंडर नको, त्यातली ती गर्द झाडं तर मुळीच नकोत. धुराडं गच्चीच्या वर दिसलं पाहिजे आणि कोपऱ्यात डंपरच्या फेऱ्यांचा आकडा हवा, हाताने मांडलेल्या हिशेबासकट. नसेल तर शीट भिंतीला लावूही नका.